अकराव्या खोक्यातली चौकट

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझा माल पोचला. लाकडी खोकी अकरा, वेताच्या मोळ्या दोन, वाळलेल्या मातीचं पोतं एक, कागदांचं पाकीट एक, आणि या सगळ्यात कीड नाही असं सांगणारा शिक्क्याचा दाखला एक. वाहतुकीचे चार हजार दोनशे, उतरवून घेण्याचे तीनशे, आणि टेंपोवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवली म्हणून तिथून दारापर्यंत हातगाडीचे साठ वेगळे. पावती जोडली आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी मातीचं भाडं भरलं. माती, बारक्या. आपल्या परसात ती काय कमी पडली होती?

हे आमच्याकडे का, म्हणून विचारलं तर टेंपोवाल्याने कागद पुढे केला. प्रदर्शन संपलं, हॉल रिकामा करायचा होता, आणि तू फॉर्मात 'कायमचा पत्ता' या रकान्यात आमचा पत्ता घातला होतास. तुला घर सोडून सोळा वर्षं झाली. माझ्या वहीत तुझ्या नावाच्या पानावर सात पत्ते खोडलेले आहेत, आठवा कडेला तिरका लिहावा लागला. आणि कायमचा म्हणून आमचा. ते वाचून मला बरं वाटलं असं समजू नकोस. भाडं आपल्याच गळ्यात पडणार एवढंच माझ्या लक्षात आलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो वहिनी, बघतो वहिनी" करतोस आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझ्याकडे कुणीतरी येतं. शिवाय आमच्याकडे फोन एकच, तो तुझ्या दादांच्या खिशात असतो. म्हणून लिहिते. कागद तुझेच वापरले आहेत. खोली कशी उभारायची याच्या सूचना तू दोन-दोन प्रतींत ठेवल्यास, दुसऱ्या प्रतीचं कुणाला काय काम? मागची बाजू चांगली कोरी आहे.

आता खोक्यांचं ऐक. पुढच्या खोलीत ती रचली तेव्हापासून देवासमोर मांडी घालायला जागा उरलेली नाही. मी कडेला कशीबशी बसून जप करते, आणि दर मण्याला गुडघा चार नंबरच्या खोक्याला लागतो. देव समजून घेईल, गुडघा घेत नाही. घरभर ओल्या गवताचा वास. शेजारच्या नर्सबाई (रिटायर झाल्या, पण आमच्या तोंडी नर्सबाईच) मुद्दाम वास घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या दिराला अजून कामधंदा मिळाला नाही वाटतं. मी म्हटलं, त्याच्या काटक्या बघायला लोक तिकीट काढतात. तर म्हणतात, मग आमच्या गच्चीवर कबुतरांनी आणून टाकलेल्या पडल्या आहेत, त्याही न्यायला सांगा. मला उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडताना. तेव्हा त्या घरी नव्हत्या. शिक्क्याच्या कागदावर तुझ्या कामाला 'मांडणशिल्प' म्हटलंय. साहित्य निसर्गातलं, विषय निवारा आणि ठिसूळपणा. मी नर्सबाईंना ते वाचून दाखवणार होते, पण मग त्यांनी त्याचा अर्थ विचारला असता.

तुझ्या दादांनी काम सोडून वर्ष होतंय, ते तुला माहीत आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभारणारा माणूस स्वतःच्या घरात बसला की काय होतं, ते मात्र तुला माहीत नाही. आधी माझ्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लागले. मीठ कुठे आणि साखर कुठे, माझं मला कळेना. मग न्हाणीचं दार कुरकुरतं म्हणून बिजागऱ्या काढल्या, आणि तीन दिवस न्हाणीला दार नव्हतं. मी देवाकडे एकच मागत होते, यांना काहीतरी उद्योग दे. देवाने ऐकलं ते असं, अकरा खोक्यांनी.

अर्थात आधी त्यांनी हातच लावला नाही. चार वर्षांपूर्वी हे काम पहिल्यांदा मांडलंस तेव्हा तू छापील आमंत्रण पाठवलंस, त्यावर नाव होतं 'मागची खोली'. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि म्हणाले, गुडघा दुखतोय, प्रवास झेपणार नाही. त्यांचा गुडघा तेव्हा दुखत नव्हता. आता दुखतो. त्या दिवसापासून तू फक्त माझ्याशी बोलतोस आणि ते फक्त माझ्याकडून ऐकतात. दोघा भावांच्या मधली टपालपेटी झाले मी, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यात कोरी पाकिटं पडतात. "बरा आहे ना?" "बरे आहेत ना?" इतकंच. मंगळवारी खोक्यांवर तेच नाव बघून ते म्हणाले, आली तशी पडू देत, त्याचा तो येऊन नेईल. आणि पाठ करून बसले.

गुरुवारी त्यांची नजर फळ्यांवर गेली. खोक्यांच्या फळ्या चांगल्या जाडजूड आहेत, त्यांना चपलांसाठी कपाट करायचं होतं. एक नंबरचं खोकं उघडलं, गवताची वेटोळी बाजूला काढली, तळाशी तुझा कागद. तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग. 'लांबी नऊ फूट, रुंदी सात. दार उत्तरेला. खिडकी नाही.' तो वाचून ते खोक्याच्या कडेवर टेकले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, मापं बघतोय. पण टेप हातात घेतलीच नव्हती. कपाटाचं नाव पुन्हा निघालं नाही. शुक्रवारी उजाडल्यावर बघते तर वर्षभर गुंडाळून ठेवलेली थापी बाहेर, ओळंबा बाहेर, आणि परसात चार खुंट्या ठोकून सुतळी ताणलेली. मला आधी वाटलं, चला, माझे डबे सुटले.

पुढचे आठ दिवस या घरात दोनच आवाज होते, थापीचा आणि तुझ्या कागदांशी भांडणाचा. बारक्या, तू लिहितोस तरी कसं? 'भिंत ओळंब्यात घेऊ नये. वरच्या बाजूला दोन बोटं बाहेर झुकू द्यावी.' हे तू कुणाला सांगतोस? ज्या माणसाने दुसऱ्याची वाकडी भिंत दिसली की रस्ता ओलांडला, त्याला? "हा कोण मला शिकवणार," असं दिवसातून दहादा. मी मधे पडून म्हटलं, अहो, काटक्या आणि चिखल, कुणी राहायला येणार आहे का त्यात? तर माझ्यावरच उखडले. भिंत म्हणजे भिंत, म्हणाले. वेताच्या तट्ट्या उभ्या केल्या, तुझी भाड्याने आलेली माती भिजवली, गवत कुस्करून घातलं, आणि मागची भिंत अशी सरळ उचलली की ओळंबा सोडला तर दोरी वरपासून खालपर्यंत तिला लागून. नर्सबाईसुद्धा म्हणाल्या, काम चांगलं आहे. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला गेले तर भिंत जमिनीवर. स्वतःच पाडलेली. कागद हातात धरून ढिगाऱ्याशी उभे होते. म्हणाले, "तो बरोबर आहे. माझी भिंत दोनच बोटं बाहेर गेली होती. त्याच्या लक्षात आहे." मग ती भिंत त्यांनी पुन्हा घातली, तुझ्या मापाने, वाकडी. त्यांचं काम मी लग्न झाल्यापासून बघते आहे. सातव्या मजल्यावर दोरीला लोंबकळतानासुद्धा एक थर त्यांनी कधी दुसऱ्यांदा मोजला नाही. ही काटक्यांची भिंत वाकडी घालताना दर थराला बोटं लावून मोजत होते.

तू तेव्हा सहा वर्षांचा. तुला किती आठवतं हे मला आजवर कळलेलं नाही, म्हणून जे मला माहीत आहे ते लिहिते. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मला घरात येऊन एक. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिकचा कागद आणि दोन लुगडी घेऊन आलेली, आणि आल्या दिवसापासून तू माझ्या पदराला. घर एका खोलीचं. तुला झोपायला जागा हवी म्हणून तुझ्या दादांनी सुट्टीच्या दिवसांत मागे खोली काढली. स्वतःच्या हाताने बांधलेली त्यांची पहिली खोली. छपरातून माती गळायची म्हणून आतून मी वेताची चटई ताणून बांधली. आणि एका दुपारी, मी नळावर असताना, मागची भिंत बाहेर पडली. तुळया घसरल्या. मी घागर टाकून धावले तर खोलीच्या जागी धूळ. मी हातांनी माती उपसू लागले. आणि तेवढ्यात चटईची एक कड उचलली गेली आणि तू बाहेर आलास. कानात माती, भुवया पांढऱ्या. म्हणालास, वहिनी, पाणी दे. तुळया तुझ्या उशाच्या पत्र्याच्या पेटीवर अडल्या आणि चटई तुझ्यावर तंबूसारखी पडली होती. अंगावर ओरखडा नाही.

तुझे दादा त्यावर कधी बोलले नाहीत. बोलले ते या शनिवारी, जेवताना, ताटाकडे बघत. म्हणाले, भिंत पडायच्या आधी सांगते. तडा देते, दाराची चौकट आवळते, काहीतरी सांगतेच. माझी बोलली नाही. म्हणजे ती मुळातच भिंत नव्हती, मी नुसत्या विटा रचल्या होत्या. आणि पोराने आता ते जगाला दाखवलं, बरोबरच केलं त्याने.

तुला आठवत असेल, रविवारी ते घरी नसायचे. आपण दोघं हसायचो, दादा चालले भिंतींना भेटायला. जिथे जिथे त्यांनी काम केलं त्या घरी जायचे, बोटाच्या पेराने भिंत वाजवायचे, कान लावायचे, कुठे केसाएवढी रेघ दिसली तर आपल्या पदरचा माल आणून बुजवायचे. लोक म्हणायचे, काय प्रामाणिक गवंडी आहे. मी बसच्या भाड्यावरून कटकट करायचे. तीस वर्षांचे रविवार, बारक्या. ते कशापायी जात होते हे मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं.

काल दहावं खोकं लागलं, छपराचं. तुझा कागद त्यांनी मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. 'चटई बांधू नये, नुसती ठेवावी. तिला पडायचं असेल तर पडता आलं पाहिजे. तिच्याखाली एक माणूस मावतो.' चटई ठेवून झाल्यावर, तो दुखरा गुडघा घेऊन, ते आत जाऊन आडवे झाले. मी म्हटलं, अहो, विंचूकाटा असेल. आतून म्हणाले, "पोराला माझ्या भिंतीने नाही राखलं. तुझ्या चटईने राखलं. हे मी तुला सांगायला हवं होतं." एवढ्या संसारात त्यांनी माझं तोंडावर कौतुक केलं ते हे एवढंच. मी घरात आले आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

कारण त्या कपाटात, गोधड्यांच्या मागे, अकरावं खोकं आहे. सगळ्यात लहान, म्हणून बुधवारीच मी ते उघडलं होतं. ते गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते, आणि मला बघायचं होतं की हे तरी पलंगाखाली मावेल का. आत गवताची विणलेली चौकट निघाली, दोन वीत उंच, पाठ विणून बंद केलेली, आत चित्र नाही. हे शेवटचं पान मी त्याच खोक्यातल्या कागदाच्या मागे लिहिते आहे, त्यामुळे उलटलंस की तुझे तुलाच शब्द दिसतील. 'माती वाळली की मागच्या भिंतीला तडा जाईल, त्यावर ही चौकट टांगावी. वरून टेकलेली आणि खालून पुढे आलेली असावी. समोर उभ्या असलेल्याला तडा दिसू नये. खाली बसून वर बघणाऱ्याला दिसावा.'

माझी देवाची तसबीर अशी वरून टेकलेली नव्हती रे. तसबीर खिळ्यावर टांगली की वरची बाजू पुढे येते, मागून दोरी ताणते, आणि खाली मान करून बघेल त्यालाच मागची भिंत दिसते, असं मी आठ दिवस स्वतःशी घोळवलं. मग तीच तसबीर भिंतीला लावून पाहिली. तिच्या मागे, खालच्या कडेला एक लाकडाची पट्टी आहे, ती मी विसरले होते. तिच्यामुळे खालची बाजू पुढे येते. तुझं बरोबर आहे. सहा वर्षांचं पोर, जमिनीवर अंथरुणात पडलेलं, त्याला सगळं दिसत होतं.

भिंतीने सांगितलं होतं, बारक्या. पडायच्या पाच दिवस आधी, वीतभर तडा. तुझे दादा तेव्हा लांबच्या कामावर होते, अंधार पडल्यावर यायचे आणि उजाडायच्या आत जायचे. त्या आठवड्यात त्यांना मुख्य गवंडी करणार होते. मी तडा दाखवला असता तर त्यांनी काम टाकून ती भिंत उतरवली असती, रोज बुडला असता, जागा दुसऱ्याला गेली असती. मी हिशेब केला आणि देवावर भार टाकला. त्यांच्याच पिशवीतला खिळा घेतला आणि तसबीर तड्यावर टांगली. ठोकताना भिंतीतून माती भुरभुर गळाली. तू अंथरुणावर बसून बघत होतास. म्हणालास, देव इथे का? मी म्हटलं, तुला राखायला. ती तसबीर अजून माझ्या देवांत आहे, काचेशिवाय. तुझ्या दादांना वाटतं मी काचेचे पैसे वाचवते.

आणि तू. इतकी वर्षं तुला माहीत होतं आणि एक शब्द बोलला नाहीस. माझ्या हातचं जेवलास, माझ्याकडून मार खाल्लास, शाळेत 'आई' या रकान्यात माझं नाव घातलंस. रागाच्या भरात एकदा तरी तोंडावर फेकायचं होतंस. मी काय केलं असतं? रडले असते, आणि तुझ्या दादांचे अर्धे रविवार तरी वाचले असते. ते सोडून तू गवताची चौकट विणलीस आणि परक्या गावात तिकीट लावलंस. तुझ्यावर चिडू की स्वतःवर, हे ठरवण्यात माझे आठ दिवस गेले आणि जपाचे आकडे चुकले.

आता का लिहिते ते ऐक. तुझे दादा कागदांवरून खोकी मोजून बसले आहेत, दहाच भरतात. त्यांना वाटतं अकरावं टेंपोवाल्याने हरवलं. सोमवारी ते वाहतूकवाल्यांकडे तक्रार करणार, आणि त्या माणसाने तर माझ्या सांगण्यावरून मातीचं पोतंसुद्धा उंबऱ्याच्या आत ठेवलं होतं. माझ्या चुकीचा दोष एका माणसाने तीस वर्षं वाहिला, आता दुसऱ्याच्या डोक्यावर मला तो बघवणार नाही. अर्ज सुवाच्य अक्षरात लिहा असं सांगून मी त्यांना थोडे दिवस गुंतवून ठेवीन. तेवढ्यात तुझं पत्र यायला हवं. चौकट मीच टांगणार आहे, ते समोर उभे असताना, आणि मग त्यांना खाली बसून वर बघायला सांगणार आहे. पुढचं मी तोंडाने सांगेन. फक्त एक अडचण आहे. खोक्यात सुतळी आहे, खिळा नाही, आणि तुझ्या कागदावर त्याबद्दल काहीच नाही. काटक्यांच्या भिंतीत खिळा मारायचा, की नुसती अडकवायची? या खेपेला मला भिंतीला धक्का लावायचा नाही. उलट टपाली कळव, किंवा येऊन दाखव. येणार असशील तर तेही उलट टपालीच कळव, म्हणजे पुढच्या खोलीतल्या खोक्यांच्या फळ्या हलवून तुझं अंथरूण घालता येईल.

तुझीच,
वहिनी